बाल्कनमध्ये दोघांनी मोटारीने फिरायचे तर : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डुब्रोव्हनिकपासून ट्रेबिन्ये हे गाव सुमारे ३० किलोमीटरवर आहे, म्हणजे पुणे ते लोणावळा अंतराच्या निम्म्याहूनही कमी. परंतु एवढ्याशा अंतरात तुम्ही क्रोएशियातून बॉस्निया-हर्झगोव्हिनात जाता, युरोपीय संघ आणि शेंगेन क्षेत्र (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) दोन्ही मागे पडतात, युरोऐवजी कन्व्हर्टिबल मार्क हे चलन लागते, फोनचे नेटवर्क बदलते आणि रस्त्यावरच्या पाट्यांची लिपीसुद्धा बदलते. आम्ही नवरा-बायकोने पहिल्यांदा या भागाचा बेत आखला तेव्हा कागदावर फक्त किलोमीटर मांडले होते, आणि तिथेच आमची चूक झाली. बाल्कनमधला दिवस सीमांवर मोजावा लागतो. एका दिवसात एकच सीमा ओलांडायची, हा नियम आम्ही तेव्हापासून पाळत आलो आहोत आणि पुढची सगळी आखणी त्याच हिशेबाने सांगणार आहे.

आधी मार्ग ठरवा

पहिल्याच प्रवासात सात-आठ देश उरकण्याचा मोह टाळावा. दोन आठवडे हाताशी असतील तर डुब्रोव्हनिकहून निघून ट्रेबिन्ये, मोस्तार, सारायेव्हो, झाब्ल्याक, कोतोर आणि पुन्हा डुब्रोव्हनिक असे वर्तुळ करावे. यात क्रोएशिया, बॉस्निया आणि माँटेनेग्रो (झाब्ल्याक व कोतोर इथे येतात) असे तीन देश आणि तीनच सीमा येतात. गाडी जिथून घेतली तिथेच परत देता येते, आणि याचा थेट परिणाम खर्चावर होतो, कारण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात सोडायची म्हटली की त्याचे शुल्क कधी कधी भाड्यापेक्षाही जड जाते. झाब्ल्याक, सारायेव्हो आणि कोतोर येथे किमान तीन-तीन रात्री ठेवाव्यात, मोस्तारला दोन. ट्रेबिन्येला बहुतेक लोक थांबत नाहीत, पण एक रात्र जरूर द्यावी. चिनाराच्या झाडांखाली भरणारा तिथला बाजार, जुने गाव आणि संथ त्रेबिश्नित्सा नदी यांच्यामुळे सीमा ओलांडल्यानंतरचा शीण उतरतो.

मे-जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हा काळ उत्तम आहे. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या सीमांवर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागतात, आणि हिवाळ्यात डुर्मिटोर डोंगरावरचा घाटरस्ता बर्फामुळे बंद असतो.

व्हिसा : 'मल्टिपल एन्ट्री' हे दोन शब्द

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी शेंगेन क्षेत्रात आला आणि त्याच दिवशी तिथे युरो सुरू झाला. त्यामुळे वरच्या मार्गासाठी भारतीय पासपोर्टधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. शेंगेन देशांपैकी तुमचा सर्वाधिक मुक्काम क्रोएशियात असेल, तर अर्जही क्रोएशियाकडेच करायचा असतो. मात्र बॉस्नियात पाऊल टाकले की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडता आणि शेवटी डुब्रोव्हनिकला परतताना पुन्हा आत येता. व्हिसा एकेरी प्रवेशाचा असेल तर हे परतणे अशक्य होते. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात दिवसवार कार्यक्रम लिहावा, कोणत्या तारखेला बाहेर पडणार आणि कोणत्या तारखेला परत येणार हे स्पष्ट करावे आणि अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. हातात पासपोर्ट आल्यावर घरी जाण्यापूर्वी व्हिसावरचा प्रवेशांचा रकाना दोघांच्याही पासपोर्टात वाचून पाहावा. नवरा-बायकोने एकत्र अर्ज केला तरी व्हिसे स्वतंत्र छापले जातात.

असा वैध, अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयाला बॉस्निया आणि माँटेनेग्रोत अल्प मुक्कामासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. सर्बियाने भारतीयांसाठीची सरसकट व्हिसामुक्ती १ जानेवारी २०२३ पासून बंद केली, तरी शेंगेन व्हिसाधारकांना तिथेही प्रवेश मिळतो. अल्बेनियाची अट अशी की तो व्हिसा आधी एकदा तरी वापरलेला असावा. हे नियम त्या त्या देशाचे आहेत आणि ते बदलतात. निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाचे पान पाहून त्याची छापील प्रत सोबत ठेवावी. लहान नाक्यावरच्या अधिकाऱ्याने भारतीय पासपोर्ट क्वचितच हाताळलेला असतो, आणि तिथे अशी प्रत फार उपयोगी पडते.

कोसोव्हो मात्र पहिल्या प्रवासात वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भारताने त्या देशाला मान्यता दिलेली नाही, त्यामुळे अडचण आल्यास आपला दूतावास तिथे नाही. शिवाय अल्बेनिया किंवा उत्तर मॅसिडोनियातून कोसोव्होत शिरून पुढे सर्बियात गेलात, तर सर्बियाच्या दृष्टीने तुमच्या प्रवेशाची नोंदच झालेली नसते.

प्रवास विम्याबाबत एक गोष्ट सहज सुटते. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, आणि त्या अटीपुरती घेतलेली स्वस्त पॉलिसी कित्येकदा फक्त शेंगेन देशांनाच लागू असते. आपला निम्म्याहून अधिक प्रवास त्या क्षेत्राबाहेर आहे. पॉलिसीत बॉस्निया आणि माँटेनेग्रो ही नावे येतात का, हे पाहूनच पैसे भरावेत.

गाडी आणि तिची कागदपत्रे

गाडी चालवणाऱ्याकडे मूळ भारतीय लायसन्स आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना दोन्ही हवेत. हा परवाना आपल्याच आरटीओकडून मिळतो. त्यासाठी फॉर्म ४ए भरायचा असतो, अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवरून करता येतो आणि परवान्याची मुदत एक वर्षाची असते. दोघांनाही गाडी येत असेल तर दोघांनीही परवाना काढावा आणि गाडी घेताना दुसऱ्या चालकाचे नाव करारात घालून घ्यावे. डोंगराळ रस्त्यावर तीन तासांनी हात बदलण्याची सोय असणे फार मोलाचे आहे.

गाडी आरक्षित करताना 'मला ही गाडी बॉस्निया आणि माँटेनेग्रोत न्यायची आहे' हे लेखी कळवावे. पुढील तीन गोष्टी काउंटरवरच ताब्यात घ्याव्यात: गाडीचे नोंदणीपत्र, परदेशात नेण्याचे परवानगीपत्र आणि ग्रीन कार्ड, म्हणजे इतर देशांत चालणाऱ्या गाडीच्या विम्याचा दाखला. ग्रीन कार्डावर देशांची आद्याक्षरे चौकटींत छापलेली असतात, आणि ज्या देशावर फुली असेल तिथे तो विमा चालत नाही. आमच्या पहिल्या प्रवासात गाडी देणाऱ्या कंपनीकडून परवानगीपत्र द्यायचे राहिले आणि आम्हीही तपासले नाही. सीमेवरच्या खिडकीत हे लक्षात आले, आणि मागे फिरून ते पत्र आणण्यात अख्खी दुपार गेली. तेव्हापासून पार्किंगमधून गाडी हलवण्यापूर्वी सौ. तिन्ही कागद मोठ्याने वाचते आणि मगच मी किल्ली फिरवतो.

अनामत रक्कम बहुधा मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवली जाते. डेबिट कार्ड नाकारले जाऊ शकते आणि जोडीदाराचे कार्डही चालत नाही. ऑटोमॅटिक गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा हव्या असल्यास त्या बऱ्याच आधी सांगून ठेवाव्यात. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान साध्या विम्यात सहसा येत नाही. बॉस्नियातल्या काही रस्त्यांचा विचार करता हे जादा संरक्षण घेणे शहाणपणाचे ठरते.

उजव्या बाजूची सवय

पहिल्या दिवशी लांब जाऊ नये. विमानतळाजवळ तासभर गाडी चालवून हात बसवावा. आपल्याकडे मारुती किंवा ह्युंदाई चालवणाऱ्यांना इंडिकेटर उजव्या हाताशी असतो, तर तिथल्या गाड्यांत तो डावीकडे येतो. परिणामी पहिल्या चार-पाच वळणांवर कोरड्या काचेवर वायपर फिरू लागतात. ही सवय लवकर मोडते. खरी चूक होते ती थांब्यानंतर, पेट्रोल पंपावरून किंवा रिकाम्या गावरस्त्यावर परत निघताना, कारण समोर एकही गाडी नसली की मन आपोआप डावीकडे ओढ घेते. अशा वेळी शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी 'उजवीकडून' असे म्हणायचे, असे आम्ही ठरवून घेतले आहे आणि आठव्या दिवशीही ते म्हटले जाते.

चौकातल्या गोल बेटाभोवती आधीच फिरत असलेल्या गाडीला सामान्यतः पहिला हक्क असतो. बॉस्निया आणि माँटेनेग्रोत दिवसाही दिवे लावून गाडी चालवणे सक्तीचे आहे, म्हणून इंजिनाबरोबर दिवे लावण्याची सवयच करावी. वस्तीत वेगमर्यादा साधारणपणे ताशी ५० किलोमीटर असते आणि गावाच्या नावाची पाटी लागली की ती लागू होते. पोलीस नेमके तिथेच उभे असतात. मद्याची मर्यादा देशागणिक वेगळी आणि बरीच कडक आहे. चालकाने एक घोटही घेऊ नये, एवढेच पुरे.

पैसा, फोन, पाट्या

क्रोएशिया आणि माँटेनेग्रोत युरो चालतो. बॉस्नियाचा मार्क युरोशी कायमच्या दराने बांधलेला आहे : १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. म्हणून किमतीचे निम्मे केले की युरो कळतात. थोडे मार्क रोख हवेतच, कारण लहान बेकऱ्या आणि पार्किंगवाले कार्ड घेत नाहीत.

क्रोएशियात घेतलेले सिम युरोपीय संघात रोमिंगला चालते, पण त्यात बॉस्निया आणि माँटेनेग्रो येत नाहीत. उलट बॉस्निया, माँटेनेग्रो, सर्बिया, उत्तर मॅसिडोनिया, अल्बेनिया आणि कोसोव्हो यांनी १ जुलै २०२१ पासून आपसांतले रोमिंग शुल्क रद्द केले आहे. तेव्हा सिम बॉस्नियात घेतले तर ते पुढे माँटेनेग्रोतही कामाला येते. नकाशे मात्र आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क नसते.

ट्रेबिन्ये ज्या भागात आहे तिथे पाट्यांवर सिरिलिक लिपी आधी येते. पाच-सहा अक्षरे शिकून घेतली तरी भागते. इंग्रजी पी सारखे दिसणारे अक्षर 'र' असते, सी म्हणजे 'स', एच म्हणजे 'न' आणि बी म्हणजे 'व'. सारायेव्होची पाटी पहिल्यांदा पाहिली तेव्हा सौ.ने ती 'कापाजेबो' अशी वाचली आणि असे गाव नकाशात सापडेना, म्हणून आम्ही गाडी बाजूला घेतली होती. मराठीप्रमाणे तिथेही जसे बोलतात तसेच लिहितात, त्यामुळे अक्षरे कळली की नाव अचूक उच्चारता येते.

सीमेवर

शक्यतो सकाळी नऊच्या आत सीमेवर पोहोचावे. अगदी लहान नाके टाळावेत, कारण त्यांतले काही केवळ दोन्हीकडच्या स्थानिक रहिवाशांसाठी असतात आणि परदेशी पासपोर्ट तिथे चालत नाही. रांगेत असतानाच दोघांचे पासपोर्ट व्हिसाच्या पानावर उघडून गाडीच्या कागदांसह शेजाऱ्याच्या मांडीवर तयार ठेवावेत. प्रत्येक सीमेवर खिडक्या दोनदा येतात, एकदा सोडणाऱ्या देशाची आणि काही अंतरावर शिरणाऱ्या देशाची. पहिलीतून सुटल्यावर काम संपले असे समजून वेग घेऊ नये. शेंगेनच्या बाह्य सीमांवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेऊन प्रवेश-निर्गमाची संगणकीय नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे, म्हणून गाडीतून उतरायला सांगितले तर गोंधळून जाऊ नये.

खाण्याच्या वस्तूंचा नियम मात्र पक्का ध्यानात ठेवावा. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ क्रोएशियात नेता येत नाहीत. घरून निघताना पेढे, बर्फी आणि तूप सामानात घालू नये. भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी. परतताना माँटेनेग्रोतल्या न्येगुशी गावचे प्रसिद्ध चीज डुब्रोव्हनिकला नेण्याची इच्छा होते, तीही आवरावी. ते तिथेच खावे.

सारायेव्हो ते झाब्ल्याक : या प्रवासाचा खरा दिवस

मोस्तार ते सारायेव्हो हा नेरेत्वा नदीच्या कडेने जाणारा रस्ता रुंद आणि सोपा आहे. त्यापुढच्या टप्प्यासाठी मात्र पूर्ण दिवस द्यावा. सारायेव्हो ते झाब्ल्याक हे अंतर सुमारे १७० किलोमीटर आहे आणि नकाशा जो वेळ दाखवतो त्यात दोन तास मिळवावेत. फोचा गावानंतर सीमेपर्यंतचा रस्ता अरुंद आणि उखडलेला आहे. श्चेपान पोल्ये येथे तारा आणि पिवा या नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे त्या प्रवाहाला द्रिना म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा ताराचा पूल एकाच गाडीच्या रुंदीचा होता आणि चाकांखाली लाकडी फळ्या होत्या. काच खाली केली तर एकेक फळी दबून वर येताना वाजत होती आणि खालून हिरवे पाणी वाहताना दिसत होते. समोरची गाडी आधी येऊ द्यायची, मग पहिल्या गिअरमध्ये, न थांबता सरळ पलीकडे जायचे.

माँटेनेग्रोत शिरल्यावर पिवाच्या दरीतून रस्ता ओळीने बोगद्यांतून जातो. ते खडक फोडून केलेले, अस्तर नसलेले आणि बहुतांशी अंधारे आहेत. गॉगल आधीच काढून ठेवावा आणि बोगद्यात शिरताना वेग निम्म्यावर आणावा. वाटेत २२० मीटर उंचीचे म्रातिन्ये धरण लागते, त्याच्यावरूनच रस्ता जातो. प्लुझिनेजवळून डावीकडे चढणारा डुर्मिटोरचा रस्ता १,९०० मीटरच्या वर जातो, एका गाडीपुरताच रुंद आहे आणि अनेक ठिकाणी त्याला कठडा नाही. समोरून गाडी आली तर मागे घेण्याची तयारी हवी. ढग उतरले असतील किंवा दुपारचे चार वाजून गेले असतील, तर हट्ट न करता निक्शिचवरून लांबच्या रस्त्याने झाब्ल्याक गाठावे, किंवा प्लुझिनेत मुक्काम करावा. हवा स्वच्छ असेल तर मात्र हा रस्ता चुकवू नये. गवताळ पठारावर चरणाऱ्या मेंढ्या आणि मागे करवतीच्या दातांसारखे कडे असे दृश्य पाहत आम्ही दोघे तासभर एक शब्द न बोलता बसलो होतो.

झाब्ल्याकजवळ तारा नदीवर दुसरा, मोठा पूल आहे, तो १९४० मध्ये पूर्ण झाला. तो ३६५ मीटर लांब आणि नदीपासून १७२ मीटर उंच आहे. १९४२ मध्ये इटालियन फौजांची वाट तोडण्यासाठी त्याची एक कमान उडवून देण्यात आली, आणि त्या कामात तो बांधणाऱ्या अभियंत्यांपैकीच एक, लाझार याउकोविच, सहभागी होता. पुढे पकडून त्याला याच पुलावर ठार मारण्यात आले. पुलावर गाडी थांबवता येत नाही. टोकाला गाडी लावून पायी जावे.

तिथून कोतोरचा उपसागर अर्ध्या दिवसावर आहे. कोतोरचे जुने गाव आणि डुब्रोव्हनिकची तटबंदी या दोन्हींच्या आत गाडी जात नाही. मुक्काम ठरवताना घरमालकाला 'पार्किंग दारातच आहे का' असे नेमके विचारावे. कोतोरमागच्या घाटात पंचवीस वळणे आहेत आणि प्रत्येकावर क्रमांक आहे. उपसागराला पूर्ण वळसा घालायचा नसेल तर लेपेताने ते कामेनारी ही फेरीबोट काही मिनिटांत गाडीसह पलीकडे सोडते.

शाकाहारी पोट

इथे मांसाचे प्राबल्य आहे, पण उपाशी राहण्याची वेळ येत नाही. बॉस्नियात बुरेक म्हणजे मांसाचाच. त्याच्याच शेजारी परातीत चीजची सिर्नित्सा, पालकाची झेल्यानित्सा आणि बटाट्याची क्रोम्पिरुशा असते, तेव्हा नावाने मागावे. 'बेझ मेसा' म्हणजे मांसाशिवाय. घेवड्याच्या उसळीसारख्या पदार्थात धुरी दिलेल्या मांसाचा तुकडा बहुधा असतो, म्हणून विचारूनच घ्यावा. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या पदार्थांना 'पोस्नो' म्हणतात आणि त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसते, मासे मात्र असू शकतात. सप्टेंबरात ट्रेबिन्येच्या अंगणांतून लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्याचा वास येतो. त्यांचे आयवार करतात, त्यात कधी कधी वांगेही असते. पहिला घास घेताच सौ. म्हणाली, 'अरे, हे तर भरीतच.' भाकरीऐवजी गरम सोमून पाव मिळतो.

मुक्काम आणि वागणूक

बॉस्निया आणि माँटेनेग्रोत परदेशी पाहुण्याची नोंद पोलीस किंवा पर्यटन कार्यालयात व्हावी लागते. हॉटेल ते काम करते. खाजगी घरात उतरलात तर मालकाला नोंदीविषयी विचारावे आणि पावती जपून ठेवावी.

बॉस्नियात डोंगरात फिरताना आखलेली पायवाट सोडू नये आणि पडक्या, ओसाड घरांत शिरू नये. १९९०च्या दशकातल्या युद्धातले भूसुरुंग अजूनही काही भागांत शिल्लक आहेत आणि कवटीचे चिन्ह असलेल्या लाल पाट्या त्यासाठीच आहेत. मोस्तारचा १५६६चा पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफांनी पाडला गेला आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला. सारायेव्होचा वेढा एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असा चालला. तुमच्या घरमालकाने ते दिवस स्वतः काढलेले असू शकतात. तो कोणत्या समाजाचा आहे हे विचारू नये. त्याने स्वतःहून कॉफी पुढे करून बोलायला सुरुवात केली, तर घड्याळ न पाहता ऐकावे.

गाडी परत देताना

शेवटची सीमा माँटेनेग्रो आणि क्रोएशियामधली, डेबेली ब्रियेगची. विमानाच्या आदल्या दिवशीच ती ओलांडून डुब्रोव्हनिकला मुक्काम करावा, त्याच दिवशी ओलांडण्याचा धोका पत्करू नये. टाकी भरून पावती ठेवावी. इंधन भरताना 'बेन्झिन' म्हणजे पेट्रोल, 'डिझेल' म्हणजे डिझेल, आणि 'नाफ्ता' असे कोणी म्हटले तर तेही डिझेलच. गाडी घेताना काढली होती तशीच चारी बाजूंची, टायरांची आणि काट्यांची चित्रफीत परत देतानाही काढावी, कर्मचाऱ्याची सही घ्यावी आणि कार्डावर अडकलेली अनामत मोकळी होईपर्यंत ते सर्व फोनमध्ये ठेवावे.